अर्धी राहिलेली गणिताची पदवी अमेरिकेत पुरी करताना

माझी मावसबहीण कोल्हापूरहून न्यू जर्सीला आली, तेव्हा तिच्या बॅगेत प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये दोन मार्कशीट होत्या, एक एफ.वाय.ची आणि एक एस.वाय.ची. टी.वाय.ला गणित घ्यायचं ठरलं होतं, तेवढ्यात लग्न ठरलं, मग मुलगी झाली, मग नवऱ्याची इकडे बदली झाली. चौदा वर्षांनी ते फोल्डर आमच्या जेवणाच्या टेबलावर आलं आणि तिने विचारलं, "ताई, ह्याचं इथे काही होईल का गं? की पुन्हा पहिल्यापासून?"

मी इथल्या एका कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजात, गणित शिकवते. हा प्रश्न मला मंडळाच्या गणपतीत, मुलांच्या मराठी शाळेच्या पार्किंगमध्ये, भाजी घेताना, सगळीकडे विचारला जातो. विचारणाऱ्या बहुतेक बायका असतात, कुणाची बी.एस्सी. एका वर्षाने राहिलेली, कुणाची दोन. पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. पण इथली पदवी कशी बांधलेली असते ते कळलं नाही, तर हातातलं अर्धं वाया जातं आणि नको तिथे पैसे जातात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्याकडे पूर्वी पदवी म्हणजे वर्षं असायची. एफ.वाय., एस.वाय., टी.वाय., आणि मध्ये कुठे अडकलो तर केटी. इथे पदवी म्हणजे क्रेडिटची बेरीज. आठवड्याला एक तास वर्ग, असा एक सत्रभर, म्हणजे साधारण पंधरा आठवडे केलात की एक क्रेडिट. बहुतेक विषय ३ क्रेडिटचे, कॅलक्युलस ४ चा. चार वर्षांच्या पदवीला सर्वसाधारणपणे १२० क्रेडिट लागतात.

ऐकणाऱ्याला नवल वाटतं ते पुढे. गणिताच्या पदवीतही ह्या १२० मधले गणिताचे क्रेडिट ४० च्या आसपासच असतात. उरलेल्यात इंग्रजी लेखन, इतिहास, समाजशास्त्र, विज्ञान असे सर्वांना सक्तीचे विषय, आणि मग मोकळे, म्हणजे आपल्या मर्जीचे. पदवीचे हे तीन कप्पे वेगवेगळे भरायचे असतात. कुठल्या क्रेडिटने कुठला कप्पा भरतोय, हा सगळ्या प्रवासातला खरा हिशोब आहे.

आधी जुन्या मार्कशीटचं बघू. कॉलेज त्या थेट वाचत नाही. त्यांचं मूल्यमापन एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेकडून करून घ्यावं लागतं. डब्ल्यू.ई.एस. हे नाव बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं, पण आपलं कॉलेज कुणाचा अहवाल मानतं ते आधी विचारायचं. अहवाल विषयवार मागायचा. नुसता "दोन वर्षांचं शिक्षण झालंय" असा सरसकट अहवाल स्वस्त पडतो, पण क्रेडिट मिळवायला तो कामाचा नाही. विद्यापीठाकडून ट्रान्सस्क्रिप्ट, म्हणजे गुणांचा अधिकृत उतारा, मागवावी लागते, ती बंद लिफाफ्यात किंवा विद्यापीठाकडून ऑनलाइन जावी लागते, आणि ह्याला महिने लागू शकतात. तिकडे भाऊ, दीर, मैत्रीण, कुणीतरी विद्यापीठाच्या खिडकीपर्यंत जाणारं असेल तर फार सोपं होतं.

एक भीती मात्र काढून टाका. आपले ६० टक्के म्हणजे इथले ६० टक्के नव्हेत. इथे ६० म्हणजे जेमतेम, आपल्याकडे ६० म्हणजे पहिला वर्ग, आणि मूल्यमापन करणाऱ्यांना हे माहीत असतं. माझ्या बहिणीने आपल्या ६२ टक्क्यांची लाज बाळगून मार्कशीट इतकी वर्षं कुणाला दाखवलीच नव्हती. अहवालात तिच्या बहुतेक विषयांपुढे "ए" आलं.

तिला एकूण ५४ क्रेडिट मिळाले. भौतिकशास्त्राचे १८, रसायनाचे १४, गणिताचे १६, इंग्रजीचे ६. छान वाटलं. पण मूल्यमापन संस्था देते तो सल्ला, निकाल कॉलेजचा. कॉलेजने ५४ मान्य केले खरे, पण गणिताच्या १६ मधले फक्त ८ गणिताच्या कप्प्यात गेले, कॅलक्युलस १ आणि डिफरन्शियल इक्वेशन्स. उरलेले ८ गेले मोकळ्या कप्प्यात, कारण पेपरच्या नुसत्या नावावरून आत काय शिकवलं ते कळेना. भूमितीच्या एका पेपरचा अभ्यासक्रम आम्ही पुढे मिळवून दिला, तरी इथल्या कुठल्याच विषयाशी तो जुळला नाही. क्रेडिट मान्य होणं वेगळं आणि ते हव्या त्या जागी बसणं वेगळं. प्रवेशाच्या आधी "माझे किती क्रेडिट घेणार?" एवढंच विचारून थांबू नका. "कुठला विषय कशाच्या बदल्यात धरणार?" हे लेखी मागा. आणि जुन्या अभ्यासक्रमाची पुस्तिका कुणाच्या माळ्यावर पडली असेल तर तिचे फोटो काढून ठेवा. तिचं मोल मार्कशीटइतकंच आहे.

आता परीक्षा. परीक्षा देऊन क्रेडिट मिळवणं ही कल्पना आपल्याला परकी वाटायचं कारण नाही. १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसलेले लोक आपल्या प्रत्येक नात्यागोत्यात आहेत. मुंबई विद्यापीठच १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघालं ते मुख्यतः परीक्षा घेणारं विद्यापीठ म्हणून. शिकलात कुठे ते बाजूला, येतं का ते दाखवा, अशी ही रीत. अमेरिकेत ह्या रीतीची सगळ्यात परिचित परीक्षा म्हणजे क्लेप (कॉलेज लेव्हल एक्झामिनेशन प्रोग्रॅम). ती १९६७ पासून चालू आहे, कॉलेज बोर्ड नावाची संस्था घेते, आणि तिचे तीसहून जास्त विषय आहेत. गुण २० ते ८० च्या मापात मिळतात आणि बहुतेक कॉलेजांना ५० पुरतात. फी शंभर डॉलरच्या आत, वर परीक्षा केंद्राचे थोडे. तीन क्रेडिटच्या वर्गाची फी ह्याच्या कितीतरी पट असते. मॉडर्न स्टेट्स नावाची संस्था ह्या विषयांचे कोर्स फुकट देते आणि कोर्स पुरा केला की परीक्षेच्या फीचं व्हाउचरही देते. घरखर्चातून फी काढणाऱ्या बाईला हे माहीत असायलाच हवं.

गणितात क्लेपच्या परीक्षा कॉलेज मॅथेमॅटिक्स, कॉलेज अल्जेब्रा, प्रीकॅलक्युलस आणि कॅलक्युलस अशा आहेत. गणिताची पदवी करणाऱ्याच्या उपयोगाची त्यातली एकच, कॅलक्युलसची. गणितातल्या बाकीच्या परीक्षांचे क्रेडिट मिळालेच तर मोकळ्या कप्प्यात जातात. कॅलक्युलसच्या परीक्षेत ४४ प्रश्न, वेळ ९० मिनिटं. पहिल्या २७ प्रश्नांना ५० मिनिटं आणि कॅलक्युलेटर नाही. पुढच्या १७ ना ४० मिनिटं आणि कॅलक्युलेटर स्क्रीनवरच दिलेला. साधारण दहा टक्के लिमिट, पन्नास टक्के डेरिव्हेटिव्ह, चाळीस टक्के इंटिग्रेशन. आपल्या बारावी सायन्सचं गणित ज्याचं पक्कं होतं, त्याला ह्यात अनोळखी फार कमी आहे. दोन-तीन महिन्यांची उजळणी, सरावाचे पेपर घड्याळ लावून, आणि जमतं. निकाल तिथेच स्क्रीनवर दिसतो. नापास झालात तर तीन महिने थांबून पुन्हा.

बहिणीला कॅलक्युलस १ जुन्या मार्कशीटवरच मिळालं होतं, म्हणून तिने ही परीक्षा दिली नाही. दिली असती तरी जादा क्रेडिट मिळाले नसते, कारण एकच विषय दोनदा मोजत नाहीत. पण मी तिला त्या परीक्षेचे सगळे सरावपेपर सोडवायला लावले. चौदा वर्षांत हाताची सवय मोडलेली असते. कागदावर कॅलक्युलस १ आहे म्हणून सरळ कॅलक्युलस २ च्या वर्गात जाऊन बसणारे विद्यार्थी मी दरवर्षी बघते, आणि तिसऱ्या आठवड्यात त्यातले काही येईनासे होतात. बीजगणितातलं फॅक्टरिंग, त्रिकोणमितीची सूत्रं, ह्यांच्यावरच ते अडतात.

परीक्षांचा खरा फायदा तिला दुसऱ्याच कप्प्यात झाला. अमेरिकन सरकार, मानसशास्त्र, समाजशास्त्र, अमेरिकेचा इतिहास, हे चार विषय तिने क्लेपने काढले, आणि संख्याशास्त्र डी.एस.एस.टी. नावाच्या दुसऱ्या परीक्षेने, जी मुळात सैन्यातल्या लोकांसाठी निघाली होती. पाच परीक्षा, १५ क्रेडिट, आठ महिने. मुलगी पोहायला शिकायची तेव्हा ही तलावाच्या बाकावर इतिहासाचं पुस्तक घेऊन बसायची. पहिल्या परीक्षेला मी तिला केंद्रावर सोडलं. बाहेर आली तेव्हा हातातला कागद माझ्यापुढे धरला, ५८. म्हणाली, "ताई, चौदा वर्षांनी पास झाले मी." गाडीत बराच वेळ आम्ही दोघी काही बोललो नाही.

इथपर्यंत ऐकून लोकांना वाटतं, मग सगळीच पदवी अशी परीक्षांवर निघेल. इतर काही विषयांत बरंच काही निघतं. गणितात ते होत नाही. हे नीट समजून घ्या, कारण ह्याच ठिकाणी लोकांचं नियोजन फसतं.

क्लेप कॅलक्युलस १ ला संपतं. शाळकरी मुलांच्या ए.पी. परीक्षेतल्या बी.सी. पेपरने कॅलक्युलस २ पर्यंत जाता येतं, पण ती परीक्षा मे महिन्यात शाळांमधून होते आणि बाहेरच्या प्रौढाला बसू देणारी शाळा शोधावी लागते. त्यापुढे कॅलक्युलस ३, लिनिअर अल्जेब्रा, आणि मग पदवीचा खरा गाभा, म्हणजे रिअल ॲनालिसिस आणि ॲबस्ट्रॅक्ट अल्जेब्रा. ह्या गाभ्याला क्लेप नाही, ए.पी. नाही, डी.एस.एस.टी. नाही. कारण विषयाच्या स्वभावातच आहे.

एक उदाहरण सांगते. क्लेपमध्ये प्रश्न येतो: एक्सचा घन वजा तीन एक्स, ह्या फंक्शनचं स्थानिक कमाल मूल्य कुठे आहे? डेरिव्हेटिव्ह काढा, शून्याबरोबर मांडा, एक्स अधिक एक किंवा उणे एक येतो, दुसरं डेरिव्हेटिव्ह तपासा, उत्तर उणे एक. दोन मिनिटांचं काम, दिलेल्या पर्यायांत खूण करायची. रिअल ॲनालिसिसमध्ये प्रश्न येतो: दोन्ही टोकं धरून घेतलेल्या बंद अंतरालावरच्या कुठल्याही कंटिन्युअस फंक्शनला कमाल मूल्य असतंच, हे सिद्ध करा. इथे खूण कशावर करणार? पानभर लिहायचं असतं, आणि लिहिलेलं कुणीतरी ओळ न् ओळ वाचून "ही पायरी कशावरून?" असं विचारायचं असतं. हे मशीनवरच्या परीक्षेत मावत नाही.

बहिणीच्या ॲनालिसिसच्या पहिल्या गृहपाठात सोपा वाटणारा प्रश्न होता. एक, एक द्वितीयांश, एक तृतीयांश, एक चतुर्थांश अशी उतरती रांग शून्याकडे जाते हे सिद्ध करा. तिने लिहिलं, "एन वाढत गेला की एक भागिले एन लहान होत जातो, म्हणून तो शून्याकडे जातो." कागद परत आला तेव्हा समासात लाल शाईने दोनच प्रश्न होते: किती लहान? कितव्या पदापासून? ती चिडली. संध्याकाळी फोन आला, "ह्यात सिद्ध काय करायचंय? दिसतंय की!"

मी तिला म्हटलं, त्याच रांगेतल्या प्रत्येक पदात एक मिळव. दोन, दीड, मग एक पूर्णांक एक तृतीयांश. हीसुद्धा लहान होत जाते. शून्याकडे जाते का? नाही, ती एकाच्या खाली कधीच उतरत नाही. म्हणजे "लहान होत जाते" एवढ्याने काम भागत नाही. समोरच्याने कितीही बारीक अंतर सांगो, समजा एक हजारांश, तर तुला सांगता आलं पाहिजे की अमुक पदापासून पुढची सगळी पदं शून्यापासून त्याहून कमी अंतरावर आहेत. इथे १००१ व्या पदापासून. त्याने एक लाखांश म्हटलं तर १,००,००१ व्यापासून. आणि हे कुठल्याही अंतराला जमेल अशा रीतीने एकदाच लिहायचं. फोनवर बराच वेळ शांतता. मग ती म्हणाली, "म्हणजे आजवर मी उत्तरं काढत होते, गणित आत्ता करतेय."

हे शिकायला वर्ग लागतो, किंवा निदान आपले कागद वाचणारा माणूस लागतो. म्हणून गणिताच्या पदवीचा आराखडा वरून खाली करावा असं माझं ठाम मत आहे. आधी ॲनालिसिस आणि अल्जेब्रा कुठे, कधी, कुणाकडे करणार ते ठरवा. लहान विभागांत हे विषय वर्षातून एकदाच चालतात, कधी वर्षाआड. त्यांच्या आधी लागणारे विषय त्या सत्रापूर्वी संपले नाहीत तर एक आख्खं वर्ष नुसतं वाट बघण्यात जातं. परीक्षांनी भरायचे विषय कधीही भरता येतात, ते मधल्या फटींत टाका. बरेच लोक नेमकं उलटं करतात. सोपं ते आधी उरकतात आणि शेवटी ओळीने पाच कठीण विषय अंगावर घेतात.

मधला टप्पा कम्युनिटी कॉलेजात करावा. मी तिथे शिकवते म्हणून नव्हे. फी कमी, वर्ग संध्याकाळी, आणि विषय तेच. बहिणीने कॅलक्युलस २ आणि ३, लिनिअर अल्जेब्रा, डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स, प्रोग्रॅमिंग आणि इंग्रजी लेखन असे २० क्रेडिट तिथे केले. न्यू जर्सीत २००७ च्या कायद्यामुळे राज्याच्या कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची ए.ए. किंवा ए.एस. पदवी घेतली, तर तिचे क्रेडिट राज्याच्या सरकारी चार वर्षांच्या कॉलेजांत धरले जातात. एच-४ व्हिसावर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, असलात तरी शिकता येतं, नोकरीची परवानगी नसली तरी. घरात बसून वर्षं मोजणाऱ्या बायकांना हे कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. दूर राहणाऱ्यांसाठी पत्रव्यवहाराच्या धर्तीवरचे ऑनलाइन वर्गही आहेत. इलिनॉय विद्यापीठाचा नेटमॅथ हा त्यातला जुना आणि भरवशाचा. तिथे कॅलक्युलसच्या पुढचे विषयही आपापल्या गतीने करता येतात.

शेवटचा अडसर रेसिडेन्सीचा. ह्या शब्दाचा राहण्याशी संबंध नाही. पदवी देणारं कॉलेज म्हणतं, बाहेरचं कितीही आणा, पण अमुक इतके क्रेडिट आमच्याकडेच करा. बहुतेक ठिकाणी हे ३० च्या आसपास असतात, आणि त्यात वरच्या वर्गाचे विषय किती हवेत ह्याचीही अट असते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तीन सरकारी योजना निघाल्या त्या ही अट सैल करायलाच. न्यूयॉर्कची १९७१ ची रीजंट्स पदवी, जी आता एक्सेलसियर विद्यापीठ आहे, १९७२ मध्ये निघालेलं आणि आता ट्रेंटनला असलेलं थॉमस एडिसन, आणि १९७३ चं कनेटिकटमधलं चार्टर ओक. नोकरी-संसार करणाऱ्या माणसाने इकडून तिकडून जमवलेलं शिक्षण एकत्र बांधून त्याला पदवी द्यायची, हाच त्यांचा उद्देश. न्यू जर्सीतल्या एडिसन गावात इतकी मराठी कुटुंबं राहतात, आणि त्याच एडिसनच्या नावाचं हे विद्यापीठ तासाभराच्या अंतरावर आहे हे त्यातल्या अनेकांना ठाऊक नसतं. पण वरच्या वर्गाचं गणित मिळवण्याची अडचण तिथेही तीच.

दोन गोष्टी घाईने सांगून टाकते. परीक्षेच्या आणि बाहेरून आणलेल्या क्रेडिटचे बहुधा नुसते क्रेडिट येतात, ग्रेड येत नाही, त्यामुळे सरासरी नव्या कॉलेजात शून्यापासून बनते. पुढे एम.एस. करायचं असेल तर वरच्या विषयांतल्या ग्रेडच बघतात. आणि "कामाच्या अनुभवावर घरबसल्या पदवी" अशी जाहिरात दिसली की आधी त्या संस्थेची मान्यता तपासा. आपल्या ओळखीतल्या एकाचे ह्यात काही हजार डॉलर बुडाले आहेत.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी थोडं. हीच रचना आता तिकडेही येते आहे. २०२१ च्या जुलैत ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स सुरू झाली. विद्यार्थ्याचे क्रेडिट तिथल्या खात्यात जमा होतात आणि कमाल सात वर्षं चालतात. नव्या धोरणानुसार महाराष्ट्रात तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट, चार वर्षांच्या ऑनर्सला १६० ते १७६. एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट स्वयम् ह्या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावरच्या कोर्समधून घेण्याची मुभा यू.जी.सी.ने दिली आहे, आणि त्यात आय.आय.टी.च्या प्राध्यापकांनी शिकवलेलं रिअल ॲनालिसिस, लिनिअर अल्जेब्रा हे विषयही असतात. तिथली परीक्षा केंद्रावर जाऊनच द्यावी लागते. माझ्या बहिणीच्या काळात हे असतं तर तिचे क्रेडिट खात्यात पडून राहिले असते, पण सात वर्षंच. शिक्षण सोडावं लागणाऱ्या मुलींनी हा सातचा आकडा लक्षात ठेवावा.

बहिणीचा हिशोब असा लागला: जुने ५४, परीक्षांचे १५, कम्युनिटी कॉलेजचे २०, आणि विद्यापीठात ३१. त्या ३१ मधले ९ आता उरलेत. ॲबस्ट्रॅक्ट अल्जेब्रा सप्टेंबरात सुरू होईल आणि ॲनालिसिसचा दुसरा भाग फक्त जानेवारीत असतो, तिसरा विषय शेवटचा प्रकल्प. परवा आली तेव्हा तिने गृहपाठाचा कागद आणला होता. समासात लाल शाई होती, पण एकाच ठिकाणी. तिने तो कागद त्याच जुन्या प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये, दोन मार्कशीटच्या मागे ठेवला होता.